सुलभाताई इंजिन निजवतात

साठी ओलांडलेल्या, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधणाऱ्या आणि एसीचा वारा लागतो म्हणून कानात कापूस घालून झोपणाऱ्या बाईवर कुणी जळतं का? मी जळले. चांगली काही वर्षं जळले, आणि खरं सांगायचं तर अजून पुरती विझलेले नाही. सुलभाताई आता नाशिकला असतात. दिवाळीला फोन करतात, "काय गं मंजिरी, आहेस का?" असं विचारतात, माझं उत्तर अर्धवट ऐकतात आणि म्हणतात, "श्रीरंगला दे." फोन नवऱ्याच्या हातात देताना माझं तोंड कसं होतं, ते आमची इरा पाहुण्यांना करून दाखवते.

आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो ते श्रीरंगच्या नोकरीपायी. घर मिळालं ते पुंगोलला. हे उपनगर तेव्हा अर्धं बांधून व्हायचं होतं, एलआरटीच्या, म्हणजे पुलावरून धावणाऱ्या छोट्या गाडीच्या, खिडकीतून इमारतींपेक्षा क्रेनच जास्त दिसायच्या. वर्षभरात त्याच्या ऑफिसात काहीतरी उलथापालथ झाली. काय झालं ते मला नीट कळलंच नाही, कारण त्यानंतर श्रीरंग बोलायचाच थांबला. भांडण नाही, अबोला नाही. 'जेवतोस?' तर 'हं.' 'इराच्या शाळेत मीटिंग आहे.' तर 'हं.' पुण्यात हाच माणूस मी पोळ्या लाटत असताना ओट्याला टेकून अखंड बडबडायचा. ऑफिसातल्या लोकांच्या नकला करायचा, मला हसताना लाटणं धरवायचं नाही. इथे घरात माणूस होता, आवाज नव्हता. मला तो आवाज परत हवा होता, दुसरं काही नको होतं. आणि तो मला सापडला कुठे, तर परक्या बाईच्या बोटीवर.

ही परकी बाई आम्हाला भेटली लिटिल इंडियात. रविवारची गर्दी, सेरंगून रोडवरच्या एका कापडाच्या दुकानात मी इराला फ्रॉक बघत होते, श्रीरंग पिशव्या घेऊन मागे उभा. शेजारी एक बाई सुती पंचे एकेक करून उजेडासमोर धरत होत्या, ओढून बघत होत्या आणि दुकानदाराला मराठी वळणाच्या हिंदीत सुनावत होत्या. घरी पूजा असेल असं वाटून मी सहज विचारलं, सत्यनारायण आहे का? त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, इंजिन पुसायचंय. मग आम्ही कुठे राहतो ते विचारलं. पुंगोल म्हटल्यावर मला ओलांडून थेट श्रीरंगकडे वळल्या. आपली बोट पुंगोलच्या मरीनात, बोटी बांधतात त्या धक्क्याला आहे, आपण राहतो लांब बिशानला, तीन महिने नाशिकला थोरल्या बहिणीकडे चाललोय, तेव्हा आठवड्यातून एकदा जाऊन दोर घट्ट आहेत का आणि तळात पाणी साचलंय का एवढं बघाल का? नाव नाही, गाव नाही. आणि माझा नवरा, जो शेजाऱ्याचं कुरिअरसुद्धा ठेवून घ्यायला तयार नसायचा, तो म्हणाला, बघीन की.

सुलभाताई मोहिले. अंगानं शिडशिडीत, उंची बेताची, केस आखूड कापलेले. बोटीवर असल्या की निळा डगला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि बोटीवर नसल्या की कडक इस्त्रीची साडी. मधलं काही नाही. नखांतलं काळं मात्र दोन्हीकडे सारखं. इरा घरी आल्यावर इथल्या मुलांच्या इंग्रजीत नाक मुरडायची, "आई, आँटी स्मेल्स लाइक अ बस, लाह." मला तेवढाच आधार वाटायचा. पण त्यांच्या त्या वासानिशीही माणसं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. मरीनातला पहारेकरी त्यांच्यासाठी कॉफी आणायचा, शेजारच्या बोटीवरचा गोरा म्हातारा त्यांना सल्ला विचारायला यायचा, आणि त्या सगळ्यांना सारख्याच तुसडेपणानं वागवायच्या. स्तुती मात्र आवडायची हो त्यांना. 'तुम्ही एकट्या हे सगळं करता?' असं कुणी म्हटलं की 'करते बाई' म्हणताना मान अशी काही व्हायची की बघत राहावं. मी ते वाक्य त्यांना एकदाही म्हटलं नाही, मुद्दाम.

यजमानांना त्या नुसतं 'मोहिले' म्हणायच्या, जणू कुणी दुकानदार आणि त्याच्याविरुद्ध यांची तक्रार आहे. मोहिले जहाजावर चीफ इंजिनिअर, नंतर इथल्या एका जहाजदुरुस्तीच्या यार्डात लागले, आणि मी सिंगापूर पाहिलं त्याच्या आधीच हृदयविकारानं गेले. मागे ठेवली ती ही बोट. जुनी, पांढरी, लांबीला आमच्या हॉलहून थोडी मोठी. मागच्या बाजूला रोमन अक्षरांत नाव लिहिलेलं, 'सुलभा'. तिचं इंजिन बाहेर लटकवलेलं नव्हतं, आत पोटात बसवलेलं होतं. मधल्या दोन फळ्या उचलल्या की खाली ते हिरवं डिझेल इंजिन दिसायचं. त्याला सुलभाताई 'बया' म्हणायच्या. रागावल्या की 'सटवी'.

दरवर्षी नोव्हेंबर संपता संपता, नाशिकला जायच्या आधीच्या शनिवारी, त्या हे इंजिन निजवायच्या. हा शब्द त्यांचाच. थंड देशांत हिवाळ्याआधी बोटींची इंजिनं अशी बंद करून ठेवतात आणि मोहिले ते युरोपातल्या बंदरात शिकले होते. इथे कसला हिवाळा? डिसेंबरात पाऊस आणि वारं वाढतं एवढंच. तरी इंजिनातलं पाणी गोठू नये म्हणून घालतात ते हिरवं अँटिफ्रीझसुद्धा बाई आणायच्या. दुकानातला चिनी माणूस दरवर्षी हसायचा, आँटी, इथे स्नो कुठाय म्हणायचा. त्या त्याला दरवर्षी सांगायच्या की त्यात गंज न चढू देणारं औषधही असतं, आणि इंजिन काही थंडीनं मरत नाही, पोटात खारं पाणी घेऊन बसून राहिल्यानं मरतं.

आता पहिल्या वर्षीची गंमत. समुद्राचं पाणी आत ओढून इंजिन थंड ठेवणारा एक पंप असतो, त्यात रबरी पाकळ्यांचं एक चक्र असतं. महिनोन्महिने न फिरता राहिलं तर त्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात, म्हणून निजवताना ते काढून ठेवायचं. आणि काढलंय हे विसरून कुणी इंजिन सुरू करू नये म्हणून ते किल्लीलाच बांधायचं. सुलभाताईंनी ते तेल लावून लाल कापडाच्या पिशवीत घातलं, तोंड काळ्या दोऱ्यानं बांधलं आणि किल्लीला लटकवलं. श्रीरंगला त्यांनी दोर आणि पाणी बघायला सांगितलं होतं, इंजिनाबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. पण आमच्या लोकांची एक समजूत पक्की. परदेशी जाताना पुण्यातली गाडी सोसायटीच्या वॉचमनला सोपवायची आणि बजावायचं, आठवड्यातून एकदा सुरू करत जा, नाहीतर बसेल. श्रीरंगनं आमच्या गाडीसाठी तेच करून ठेवलं होतं. तेव्हा या बिचाऱ्या एकट्या बाईचं इंजिनही आपण अधूनमधून फिरवावं असं त्याच्या मनात आलं. दमट हवा आत शिरू नये म्हणून बाईंनी इंजिनाच्या हवेच्या तोंडात पंचा कोंबून ठेवला होता. विसरल्या वाटतं, म्हणून तो यानं काढला. किल्लीची लाल पिशवी बघून त्याला वाटलं, सप्तशृंगीचा अंगारा असणार. नाशिकच्या ना त्या. यानं पिशवी कपाळाला लावली, जिथल्या तिथे सोडली आणि किल्ली फिरवली.

थोड्या वेळात भोंगा बोंबलायला लागला, रबर जळल्याचा वास सुटला, धूर झाला. पहारेकरी पळत आला. श्रीरंगनं कसंबसं इंजिन बंद केलं. एक रबरी नळी भाजली, बाकी बयेला काही झालं नाही. घरी आला तो घामानं निथळत, आणि त्यानं माझ्यासमोर नाशिकला फोन लावला. मी मनात म्हटलं, आता चांगली हजेरी घेतील. पलीकडून आधी काहीच ऐकू येईना. मग कळलं की बाई हसताहेत. श्वास लागेपर्यंत हसत होत्या. आणि मग माझा नवरा हसायला लागला. दूध विसरलो हे कबूल न करणारा माणूस, 'मी कपाळाला लावलं हो ते' असं तिसऱ्यांदा सांगत सोफ्यावर आडवा होऊन हसत होता. मी चहाचा कप घेऊन उभी. इतक्या महिन्यांत मी त्याचं हसू बघितलं नव्हतं आणि आता बघितलं ते दुसऱ्याच कुणासाठी होतं. त्या क्षणापासून मी सुलभाताईंवर जळायला लागले. लपवायचं काय त्यात?

त्या फेब्रुवारीत परत आल्या आणि श्रीरंगचे शनिवार गेले. ऑइल बदलायला, पट्टे ताणायला, आणि पुष्कळदा काहीच नाही तर गळतंय का बघायला. आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब तीन आठवडे गेलेला. खंडेनवमीला दोघांनी मिळून इंजिनाला झेंडूचा हार घातला, पेढे ठेवले. माझ्या लॅपटॉपलाही मी फूल वाहिलं होतं, त्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मी मैत्रिणींना थट्टेनं सांगायचे, आमच्याकडे सवत आहे, गुडघ्याला पट्टा बांधते. त्या खो खो हसायच्या. मीही हसायचे, आणि घरी येऊन भांडी जरा जोरात आपटायचे.

पुढच्या नोव्हेंबरात मला राहवेना. निजवायच्या शनिवारी मी साबुदाण्याची खिचडी केली, डबा घेतला आणि न सांगता मरीनावर गेले. इराला शेजारी सोडलं होतं. तरंगत्या धक्क्यावरून चालत बोटीशी पोचले तर दोघांचे आवाज खालून येत होते. श्रीरंग बोलत होता. 'हं' नाही, सलग बोलत होता. ज्या पदासाठी त्याला पुण्याहून आणलं ते त्याच्या हाताखालच्या मुलाला दिलं, हे तो सांगत होता. तो मुलगा आता त्याचं काम तपासतो. मीटिंगमध्ये आपल्याला कुणी काही विचारत नाही, म्हणून आपण जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरला, त्या खाण्याच्या टपऱ्यांच्या गर्दीत, एकटेच जाऊन बसतो आणि मंजिरीला हे सांगायची लाज वाटते, कारण ती तिची बरी चाललेली नोकरी सोडून आपल्यामागं आली.

हे मी धक्क्यावर उभी राहून, खिचडीचा डबा हातात धरून ऐकलं. माझ्या आयुष्यातली इतकी मोठी बातमी, आणि ती मला तळघरातून आल्यासारखी ऐकू यावी! आता या बाई काय धीर देतात ते ऐकायला मी कान टवकारले. सुलभाताई म्हणाल्या, "बारा नंबरचा पाना दे." पुढे नाही, मागे नाही. त्यानं पाना दिला आणि बोलत राहिला. मी असं म्हटलं असतं ना, तर 'तुला माझं ऐकायचंच नसतं' असं सहा महिने ऐकावं लागलं असतं.

मी डबा तिथेच ठेवला आणि परत आले. संध्याकाळी श्रीरंग खिचडीचा रिकामा डबा घेऊन आला, छान झाली होती म्हणाला आणि टीव्हीसमोर बसला. मी वाट बघितली. 'हं' शिवाय काही आलं नाही.

सुलभाताई निघायच्या आधी मी बिशानला त्यांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते. त्या बॅग भरत होत्या, बहिणीसाठी घेतलेली कॉफीची पाकिटं साड्यांच्या घड्यांत दडपत होत्या. मी बसलेही नाही. सरळ म्हटलं, तो माझ्याशी बोलत नाही आणि तुमच्याशी बोलतो, आणि मला ते अजिबात आवडत नाही. वाटलं होतं, बाई चपापतील, माफी मागतील, निदान पाणी तरी देतील. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद पसरला.

"जळतेस माझ्यावर?" त्या म्हणाल्या. "जळ. मला बरं वाटतं. या वयात कुणी माझ्यावर जळेल असं वाटलं नव्हतं."

मग त्या पलंगाच्या कडेवर बसल्या, कॉफीचं पाकीट हातातच, आणि सांगायला लागल्या. मोहिल्यांनी बोट घेतली तेव्हापासून त्यांचा प्रत्येक शनिवार बोटीचा. जहाजावर असताना नवरा नव्हता आणि जमिनीवर आला तर तोही नव्हताच. वर बोटीला नाव दिलं सुलभाचं. माझं नावही हिला आणि माझा नवराही हिला, असं त्या बोलून दाखवायच्या. मोहिले दर शनिवारी विचारायचे, येतेस का? या दर शनिवारी म्हणायच्या, मला कशाला, तुमची ती आहे ना. पुढे पुढे ते दारात चप्पल घालताना विचारायचे, उत्तराची वाटही बघायचे नाहीत. एका शनिवारी ते बोटीवर गेले आणि यार्डातल्या मित्राचा फोन आला, मोहिले संपले म्हणून. त्यानंतर सुलभाताई आयुष्यात पहिल्यांदा बोटीवर चढल्या, ते बोट विकायची म्हणून गिऱ्हाईक घेऊन. गिऱ्हाइकानं फळ्या उचलल्या. त्यांनी वाकून बघितलं.

"वर्षानुवर्षं जिच्यावर जळले तिच्यात आहे तरी काय, ते बघायला विकली नाही गं. सगळं शिकले. खोलून बघितलं, पुसून बघितलं."

मी विचारलं, मग काय सापडलं?

"काही नाही. इंजिन आहे," त्या म्हणाल्या. "मोहिले त्याच्याशी बोलायचे म्हणे काम करताना. पहारेकऱ्यानं सांगितलं. घरातलं सगळं सांगायचे, माझं कौतुकही. तिथे जाऊन बसले असते तर मला ऐकू आलं असतं."

एवढं बोलून त्या उठल्या आणि उरलेली पाकिटं भरायला लागल्या. मला वाटलं होतं, आता मला काहीतरी सांगतील, असं कर, तसं कर. त्यांनी मला बॅगेवर बसायला सांगितलं, चेन लागत नव्हती म्हणून. मी बसले. त्यांनी चेन लावली. निघताना दारात त्या म्हणाल्या की श्रीरंगचा हात चांगला आहे पण घाई फार. माझ्या नवऱ्याच्या हाताबद्दल मलाच सांगत होत्या! मी लिफ्टमध्ये शिरले ती पुन्हा धुमसतच.

आणखी दोन नोव्हेंबर तसे गेले. श्रीरंगनं नोकरी बदलली, तेही मला ठरल्यावर कळलं. सुलभाताईंना आधी कळलं असणार, मी विचारलं नाही. मग एका वर्षी सुलभाताईंनी जाहीर केलं की आता कायमच्याच जातोय. थोरल्या बहिणीला दिसेनासं झालं होतं, तिच्याजवळ कुणी हवं होतं. बोट एका तरुण चिनी जोडप्याला विकली. हे जोडपं पुढच्याच आठवड्यात बोट समुद्रात नेणार होतं, तरी सुलभाताईंनी इंजिन निजवायचं ठरवलं. श्रीरंग म्हणाला, ते लगेच सुरू करणार, मग कशाला? त्या म्हणाल्या, माझ्याकडून निजवून देणार, त्यांनी हवं तेव्हा उठवावं. बोलावणं फक्त श्रीरंगला होतं. मी तरी गेले. मला कुणी या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

इंजिनात साचलेलं खारं पाणी धुवायला समुद्राचं पाणी आत घेणारी तोटी बंद करून नळी गोड्या पाण्याच्या बादलीत सोडतात आणि इंजिन चालू ठेवतात. बया घटाघट पाणी पिते. बादली रिकामी होऊन चालत नाही, म्हणून धक्क्यावरच्या नळाचा पाइप धरायला माणूस लागतो. सुलभाताईंनी मान न वळवता पाइप माझ्या हातात दिला. खाली श्रीरंग पोटावर झोपलेला, त्याचे नुसते पाय दिसत होते. तो ओरडून सांगायचा, वाढव, मी वाढवायचे. बास म्हणायचा, मी बास करायचे. मग हिरवं औषध गेलं, मागून बाहेर पडणारं पाणी हिरवट झालं, तसा सुलभाताईंनी बंद करायचा दांडा ओढला. इंजिन दोनदा हुंदका दिल्यासारखं करून थांबलं. त्यांनी पंच्यानं ते सगळं पुसलं, कानेकोपरे, खालची बाजूसुद्धा, जिथे कुणी बघणार नव्हतं. रडतील असं मला वाटलं. त्या पुसत होत्या आणि पुटपुटत होत्या, 'झालं गं सटवे, झालं.' हात लावून बघितलं, अजून गरम होतं. मग फळ्या बसवायला त्यांनी श्रीरंगला सांगितलं आणि त्या कपडे बदलायला गेल्या.

बाहेर आल्या त्या कडक इस्त्रीच्या साडीत. टॅक्सी फाटकाशी उभी होती. श्रीरंगनं बॅग ठेवली. त्यांनी त्याच्या पाठीवर एक थाप मारली. माझ्याजवळ आल्या, माझ्या ओल्या बाहीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पाइप बरा धरलास." टॅक्सीत बसताना पदर दारात अडकेल म्हणून त्यांनी तो नीट आत ओढून घेतला. मागे बोटीकडे बघितलं नाही. काचेतून त्यांची मान दिसत होती, कुणीतरी स्तुती केल्यावर व्हायची तशी ताठ. मी टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले आणि एवढ्यातसुद्धा मला त्या बाईचा हेवाच वाटत होता, की हिला असं निघता येतं.

एलआरटीपर्यंत आम्ही चालत निघालो. श्रीरंगच्या हातांना डिझेलचा वास येत होता. थोडं पुढे गेल्यावर त्यानंच सुरुवात केली. बाईंचा गुडघा किती दुखायचा आणि त्या कशा सांगायच्या नाहीत. पहिल्या वर्षी त्यांनी त्याला शिव्या दिल्या असत्या तर तो पुन्हा बोटीवर फिरकला नसता. मग ऑफिसात तेव्हा काय झालं होतं ते. मला ते सगळं माहीत होतं, धक्क्यावर उभं राहून ऐकलेलं. मी म्हटलं, मग? स्टेशन आलं, आम्ही जिना चढलो नाही, खालच्या बाकावर बसलो. एकेक गाडी डोक्यावरून जात होती. सुलभाताई अशा, सुलभाताई तशा, माझं पित्त खवळत होतं आणि मी त्याला थांबवत नव्हते. बोलत तो तिच्याबद्दल होता, पण माझ्याशी बोलत होता.